कोशिंबिरीसाठी मानाची चटई

पुआलेलेबाईंनी शिट्टी फुंकली की आमच्या बेटावरच्या फालेतोई गावात कोंबड्यासुद्धा शिस्तीत चालायला लागायच्या. गावच्या महिला समितीच्या त्या प्रमुख. दर आठवड्याला पांढऱ्या पोशाखातल्या बायका मागे घेऊन त्या घरोघरी फिरत, चटया उलटून बघत, पातेल्यांची झाकणं उघडून आत नाक घालत, संडासात पाणी आणि साबण आहे की नाही ते स्वतः आत शिरून बघत. चूक सापडली की दंड, मग घर पाद्रीबाबांचं असो की कुळाच्या प्रमुखाचं. फालेतोईचे कुळप्रमुख माउंगाटाई हे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांच्या अंगणात डुकरं मोकळी सापडली तेव्हा त्यांनाही दंड झाला, आणि त्यांनी मुकाट भरला. आमच्याकडे बहिणीचा शब्द भावाला खाली पाडता येत नाही, आणि या बहिणीचा तर पाडायची कोणाची छातीच नव्हती.

लांगी ही पुआलेलेबाईंची धाकटी सून, डोंगरापलीकडच्या माताउलू गावची. परगावहून आलेल्या सुनेचा आमच्याकडे मान बेताचाच. लाकडं तिने आणायची, भट्टीचे दगड तापवायला तिने बसायचं, जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचं, आणि चारचौघांत तोंड तर उघडायचंच नाही. एवढं करूनही सासूबाई तिला नावाने हाक मारत नसत. "ए माताउलू, पाणी आण." "काय गं माताउलू, तुमच्याकडे पातेली अशीच घासतात का?" लांगीला त्यातला टोमणा लागत नसे. लागायचं ते दुसरंच. माहेरच्या गावाचं नाव घेतलं की, तुझी पिशवी दाराशीच आहे बरं का, असं तिला ऐकू यायचं. डोळ्यांवर आलेल्या सुना बसमध्ये बसवून परत पाठवलेल्या तिने पाहिल्या होत्या.

तरी सासूचा तिला राग नव्हता. उलट कौतुक होतं, आणि ते सांगायची काही सोय नव्हती. गावातल्या बड्या बड्या वक्त्यांना, सभेत गावाच्या वतीने बोलणाऱ्या मानकऱ्यांना, ज्यांच्या तोंडाला लागायला पुरुषही कचरतात, ही बाई "नखं दाखवा" म्हणायची आणि ते निमूट हात पुढे करायचे. आपल्यालाही कधीतरी असं ताठ उभं राहता येईल का, असं लांगीला भांडी घासताना वाटून जायचं. मग ती स्वतःलाच हसायची.

त्या वर्षी गावाने नवं सभाघर बांधलं. उद्घाटनाला सालेवाओ गावचे पाहुणे बोलावले, आणि पाहुण्यांच्या पंगतीचा माइनीस करायचं काम पुआलेलेबाईंनी लांगीवर सोपवलं. माइनीस म्हणजे बटाटा, अंडी आणि बिटाची मेयोनीजमधली गुलाबी कोशिंबीर. डुक्कर कमी पडलं तर लोक आठवडाभर बोलतील, पण माइनीस नसला तर नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलतील.

"बिघडवू नकोस," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

लांगीला त्या दोन शब्दांनी आभाळ ठेंगणं झालं.

उद्घाटनाच्या सकाळी भट्टीच्या छपरात नुसती धांदल. पोरांनी डुकरं भाजायला घेतली होती. आता, मानाचं डुक्कर आमच्याकडे पुरतं शिजवत नाहीत. पोटात तापलेले दगड घालायचे, वर पानं पांघरायची, कातडी तांबूस झाली की बाहेर काढायचं. आत सगळं अर्धकच्चंच. मग त्याचे वाटे करायचे: पाठ कोणाची, मांडी कोणाची, मान कोणाची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. मांस पुरतं शिजलं तर वाटे फाटतात, आणि वाटा फाटला की मान फाटला. पाहुण्यांनी आपापला वाटा झापांच्या टोपलीतून घरी न्यायचा आणि घरी पुन्हा चांगला शिजवून खायचा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्या मांसाने कोणाचं काही बिघडत नाही.

लांगीचे बटाटे उकडून तयार होते. अंडी सोलून झाली होती. चिरायला मात्र फळी नव्हती; घरातल्या सगळ्या फळ्या कोणी ना कोणी उचलून नेल्या होत्या. भट्टीच्या छपरात एक रुंद, छान फळी पोरांनी नुकतीच मोकळी करून ठेवली होती. लांगीने तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं, केळीच्या पानाने पुसली. फळी स्वच्छ दिसली. तिच्यावर तिने बटाटे चिरले, अंडी चिरली, बीट चिरलं, सगळे तुकडे एकसारखे, बोटाच्या पेरासारखे.

तेवढ्यात पुआलेलेबाई तपासणीला आल्या. माश्यांच्या जाळ्या पाहिल्या, पाण्याची टाकी पाहिली, लांगीची नखं पाहिली. तेवढ्यात सभाघराकडून कोणीतरी चटया कमी पडल्याची ओरड केली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि तिकडे पळाल्या.

पाहुणे आले. अन्न जाळ्यांखाली मांडलं गेलं, आणि दोन्ही गावचे वक्ते उठले. आधी बोलायचं कोणी, यावर आमचे वक्ते वाद घालतात. हा वाद भांडणाचा नसतो, मानाचा असतो, म्हणून लवकर मिटवणं हा अपमान. प्रत्येक जण आपल्या कुळाचा दाखला देतो, दुसऱ्याच्या कुळाची थोरवी गातो, मग पुन्हा स्वतःचं घोडं पुढे दामटतो. सालेवाओचा बोळका म्हातारा ताओफी तर असा रंगला की त्याने आजोबांच्या होडीपासून सुरुवात केली. ऊन पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर गेलं, दुसऱ्यावरून चटईवर उतरलं. जाळीखाली गुलाबी माइनीस कोमट होत बसला. भाषण संपेस्तोवर अन्नाला हात लावायचा नाही, आणि "आवरा" म्हणायचा अधिकार परमेश्वरालाही नाही.

एकदाचं जेवण झालं. माइनीसचं भांडं चाटूनपुसून रिकामं झालं. सालेवाओच्या समितीच्या प्रमुख सेफिनाबाईंनी नातीला मांडीवर घेऊन आपल्याच पानातले घास भरवले. ही सेफिना म्हणजे पुआलेलेबाईंची जुनी स्पर्धक. आंतरगाव स्वच्छतेची ढाल कधी इकडे तर कधी तिकडे. जाताना ती म्हणाली, "माइनीस चांगला जमलाय हो तुमच्याकडे. ढाल मात्र आमचीच."

रात्री भांडी आवरताना सासूबाई लांगीला म्हणाल्या, "माताउलू, बीट बरं चिरलंस."

लांगी त्या एका वाक्यावर सुखाने झोपली.

दुसऱ्या दिवशी सालेवाओहून निरोप आला. पाहुण्यांना जुलाब लागले होते. नुसते जुलाब नव्हे, ताप, पोटात मुरडा, रक्त. संध्याकाळपर्यंत जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटा पुरेनात, चटयांवर माणसं निजवली. मोठी माणसं कण्हत का होईना, तग धरून होती. सेफिनाची नात तावाए, लहानगी, तिने मात्र डोळे उघडायचं सोडलं होतं.

मग सुरू झालं नावाने खडे फोडणं. सालेवाओवाले म्हणाले, फालेतोईने कुजकी मासळी घातली. फालेतोईवाले म्हणाले, तुमच्याच बसमधले शिंपले बाधले. कोणी टाकीच्या पाण्याला नावं ठेवली. कोणी म्हणालं, नव्या सभाघराचा खांब चुकीच्या झाडाचा, त्या झाडाचा हा कोप. माउंगाटाईंनी तर काखा वरच केल्या: "आमच्याकडे कोणी आजारी आहे का? नाही ना? मग?"

पुआलेलेबाईंनी शहाळ्यांची टोपली लांगीच्या डोक्यावर दिली आणि तिला घेऊन दवाखान्याची बस पकडली.

तिथे त्यांना पाहून लोकांनी माना फिरवल्या. एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "कशाला आलात? उरलेलं वाढायला?" पुआलेलेबाई तिच्याच खाटेशी खाली बसल्या, शहाळं फोडून दिलं आणि विचारलं, "काय काय खाल्लंस, सांग. आणि काय नाही खाल्लंस, तेही सांग." मग पुढच्या खाटेकडे. मग त्याच्या पुढच्या. शिव्या खाल्ल्या, पण एकही खाट सोडली नाही. लांगी मागून टोपली घेऊन फिरत होती. तपासणीच्या शिट्टीवाली हीच ती बाई का, असं तिला वाटलं. आवाज इतका खाली होता.

ताओफी वक्ता नातलगांची शुश्रूषा करत टुणटुणीत बसला होता.

"दादा, तुम्ही कसे बरे?"

"दात नाहीत म्हणून, बाई! मी आपलं गरम सूप घेतलं आणि पालुसामी, अळूची ती मऊ मऊ पानं नारळाच्या दुधातली. दोनदा घेतली. बाकी कशाला हातच लावला नाही."

एक नवी नवरी होती, तीही ठणठणीत. तिने सगळं खाल्लं होतं, मासे, कोंबडी, शिंपलेसुद्धा. "फक्त माइनीस नाही घेतला," ती लाजून म्हणाली. "पांढरा पोशाख होता ना. बिटाचा डाग पडला असता."

टोपली लांगीच्या हातून खाली आली. दोन शहाळी गडगडत खाटेखाली गेली.

नर्सबाईंना पुआलेलेबाईंनी एवढंच विचारलं, की असं कशाने होतं. त्या घाईत होत्या. "कच्च्या मांसातले जंतू तयार अन्नाला लागले, आणि ते अन्न उकाड्यात बसून राहिलं, की होतं असं. लहान मुलं आणि म्हातारी आधी आडवी पडतात."

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. लांगीच्या डोक्यात एकच घोळत होतं. ती फळी आता कुठे होती? पोरांनी कदाचित भट्टीत जाळली असेल. जाळलीच असेल. कोणाला काय कळणार आहे?

घरी आल्यावर पुआलेलेबाईंनी पंचा खांद्यावरून काढला आणि म्हणाल्या, "माताउलू, बटाटे कशावर चिरलेस?"

एक खोटं बोललं की झालं, हे लांगीला कळत होतं. आपल्या फळीवर, म्हणायचं. मग खापर फुटेल उन्हावर, वक्त्यांवर, देवावर. पण दिवसभर त्या बाईला खाटेखाटेशी बसून शिव्या खाताना तिने पाहिलं होतं. त्या तोंडावर खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"डुक्कर कापलेल्या फळीवर," ती म्हणाली. "धुतली होती, आई. पाण्याने धुतली होती मी. चांगली दिसत होती हो."

मग ती रडायला लागली. आता पिशवी भरायची, बस कधीची आहे, नवऱ्याला काय सांगायचं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि त्या सगळ्याच्या खाली ते पोर, डोळे न उघडणारं.

गावभराची स्वयंपाकघरं तपासत निघालेली बाई चूक शोधत शोधत स्वतःच्याच चुलीशी येऊन पोचली होती. दुसरी कोणी असती तर इथे मूग गिळून बसली असती. कोणाला पत्ताही लागला नसता.

"त्या सकाळी तपासणी कोणी केली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी. नखं बघितली तुझी. फळी नाही बघितली. चटया मोजायला पळाले मी." त्या उठल्या. "रडणं बंद कर. तोंड धू. साबणाने."

माउंगाटाईंच्या घरी त्या गेल्या आणि भावाला सरळ म्हणाल्या, "दादा, इफोंगा करायचा."

माउंगाटाईंच्या हातातला कोकोचा कप वाकडा झाला. इफोंगा म्हणजे मोठ्या अपराधाची क्षमायाचना. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात पहाटे जाऊन बसायचं, डोक्यावरून घराण्याची मानाची चटई पांघरून. सोबत लाकडं, दगड आणि पानं न्यायची: आम्ही तुमच्या भट्टीतलं डुक्कर, भाजायचं तर भाजा. त्यांनी चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर दगड येतील, कोयते येतील, काहीही येईल, आणि हात वर करायचा नाही.

"इफोंगा खुनाला करतात, पुआ," ते ओरडले. "कोशिंबिरीसाठी कोणी मानाची चटई पांघरली आहे का आजवर? अख्खं बेट हसेल आपल्याला!"

"पोर गेली तर जाल ना?"

"गेली तर जाईन."

"तेव्हा ती बघायला असणार आहे का, दादा?"

माउंगाटाईंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सून तर परगावची आहे. तिला माताउलूला पाठवून दिलं तर त्यांचंही समाधान होईल. सगळे तेच करतात."

लांगी बाहेर खांबाआड उभी होती.

"चटई आईची आहे," पुआलेलेबाई म्हणाल्या. "तांबड्या पिसांची, ती काढा. मी बसणार आहे तिच्याखाली. तुम्ही मागे बसा, नाहीतर घरी बसा." आणि त्या निघून आल्या.

उजाडता उजाडता ट्रक सालेवाओला पोचला. माउंगाटाई आले होते. कुरकुरत, पण आले होते. लांगीला घरीच थांबायला सांगितलं होतं. ती लाकडांच्या मोळ्यांबरोबर मागे चढून बसली होती, आणि लाकडं उचलायला सून लागतेच, म्हणून कोणी हटकलं नाही. सेफिनाच्या घराचे झापांचे पडदे खाली सोडलेले होते. अंगणात तावाएचा काका कोयता घेऊन उभा होता. त्याचे डोळे सुजले होते.

पुआलेलेबाई अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसल्या. चटई डोक्यावरून ओढून घेतली. एवढी उंचपुरी बाई, पण तिचं नुसतं एक गाठोडं उरलं. फालेतोईची माणसं मागे माना घालून बसली. पडदे हलले नाहीत. काका जागचा हलला नाही.

ऊन चढायला लागलं. चटईखालचं गाठोडं जरासं डुललं, पुन्हा ताठ झालं. लांगीने ते पाहिलं आणि तिला आतून भडभडून आलं. ही बाई आयुष्यभर लोकांची भांडी हुंगत फिरली, लोक पाठीमागे हिच्या नकला करत आले, आणि आज माझ्या फळीसाठी ही इथे भाजून निघते आहे. लांगी उठली. माउंगाटाईंनी "ए, ए" म्हटलं. ती सरळ पुढे गेली आणि चटईची कड उचलून आत शिरली.

आत अंधुक होतं, जुन्या पानांचा आणि खोबरेल तेलाचा वास होता, आणि भयंकर उकडत होतं.

"कशाला कडमडलीस इथे?" सासूबाई कुजबुजल्या.

"चूक माझी आहे."

"चूक तुझी, चटई माझी. सरक तिकडे. माझ्या गुडघ्यावर बसलीस."

लांगी सरकली. दोघींचे खांदे घामाने चिकटले.

"आई, त्याच्या हातात कोयता आहे."

"पाहिलाय मी. गंजलेला आहे. त्यांच्या समितीला दाखवायला हवा." मग थोड्या वेळाने, "भाजायचंच ठरवलं त्यांनी, तर सांग हो, म्हणावं नीट शिजवा. अर्धकच्चं ठेवू नका."

लांगीला हसूही आलं आणि रडूही. तिने हाताने तोंड दाबून धरलं, तर सासूबाईंचा खांदाही हलत होता. हसून की रडून, ते अंधारात कळलं नाही.

"भीती वाटते का हो तुम्हाला?"

"वाटते," पुआलेलेबाई म्हणाल्या. "कोयत्याची नाही. ती पोर. बोलू नकोस आता."

रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. दवाखान्याची बस. अंगणात सगळं एकदम शांत झालं. पावलं आली, दमलेली, चप्पल फरफटणारी. चटईच्या झालरीखालून लांगीला फक्त जमीन दिसत होती. दोन सुजलेली पावलं तिच्यासमोर येऊन थांबली. मग त्या पावलांशेजारी कोणीतरी एक वळकटी ठेवली. लहान मुलाची चटई, आणि तिच्यात गुंडाळलेली छोटी उशी.

दवाखान्यातून अंथरूण घरी येतं ते कधी येतं, हे तिला ठाऊक होतं. पुआलेलेबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

चटई उचलली गेली. उजेड एकदम डोळ्यांत घुसला.

सेफिना उभी होती, केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. "सलाइन काढलं," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "पहाटे पाव मागितला तिने. दिला नाही अजून, पेज दिली. अंथरूण घाण झालंय म्हणून धुवायला आणलं."

पुआलेलेबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्या मोठ्याने रडल्या, सगळ्या गावादेखत, शिट्टीवाल्या पुआलेलेबाई.

सेफिना वाट बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी केला होता माइनीस?"

"आमच्या घराने," पुआलेलेबाई म्हणाल्या.

"मी," लांगी म्हणाली. "डुकराच्या फळीवर चिरलं मी सगळं. मला ठाऊक नव्हतं."

सेफिनाने तिच्याकडे पाहिलं. मग अंगणाच्या कडेला, आपल्या भट्टीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. "आमच्याकडेही एकच फळी आहे," ती शेवटी हळूच म्हणाली. काकाकडे वळून तिने हात पुढे केला. त्याने कोयता दिला. तो तिने पायरीखाली सरकवला आणि पुआलेलेबाईंना हाताला धरून उठवलं. "चला आत. ऊन लागेल. या वयात शोभतं का हे?"

"तुझ्यापेक्षा लहान आहे मी," पुआलेलेबाई नाक पुसत म्हणाल्या.

क्षमा झाली की जेवण घालायचं, ही रीत. सालेवाओच्या बायकांनी भराभर कोंबडीचं सूप केलं, अळू उकडलं. फालेच्या, म्हणजे भिंती नसलेल्या खांबांच्या घराच्या, एका अंगाला सालेवाओचे वक्ते बसले, दुसऱ्या अंगाला फालेतोईचे, आणि लांगी मागे, पोरींबरोबर, वाढायला. सुपाचं पातेलं मध्ये आलं. झाकणाखालून वाफ येत होती.

ताओफीने घसा खाकरला. "अशा थोर प्रसंगी," तो म्हणाला, "बोलण्याचा मान खरं तर माझ्या आजोबांच्या होडीपासून..."

"थांबा, थांबा," सालेवाओचाच दुसरा वक्ता काठी उचलत म्हणाला. "होडी आमच्या काकांची होती."

फालेतोईच्या बाजूचाही एक जण उठला. माउंगाटाईंनी समाधानाने पाय पसरले. आता ऊन दुसऱ्या खांबावर जाईपर्यंत काळजी नव्हती.

लांगीने पातेल्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. पुआलेलेबाईंचे डोळे पातेल्यावरच होते. तोंड मिटलेलं होतं. समितीच्या बाईला घरात शिरायचा अधिकार होता, वक्त्यांच्या वादात शिरायचा नव्हता, तो कोणालाच नव्हता.

"आधी जेवा," लांगी म्हणाली.

ती हळू बोलली असती तर चाललं असतं. पण ती मोठ्याने बोलली. सगळ्या माना वळल्या. तिच्या तोंडचं पाणी पळालं, पण वाक्य अर्धवट सोडणं आता जास्तच वाईट दिसलं असतं.

"आधी जेवा," ती पुन्हा म्हणाली. "भाषण गार झालेलं चालतं. अन्न गार झालेलं चालत नाही."

ताओफीचं बोळकं तोंड उघडंच राहिलं होतं. दुसऱ्या वक्त्याचा चेहरा तांबडा झाला. मागच्या रांगेतून वाढणारी, परगावची कुठली तरी सून! त्याने काठी जमिनीवर आपटली.

"ही कोण बोलली मध्ये? कोणाची आहे ही?"

लांगीने डोळे मिटले. आता माताउलूचं नाव येणार, हे तिला ठाऊक होतं.

"माझी," पुआलेलेबाई म्हणाल्या.

त्यांनी पातेल्यावरून नजरही हलवली नव्हती. "लांगी," त्यांनी हाक मारली, "हात धुतलेस का?"

"धुतले, आई. साबणाने."

"मग वाढ."

सेफिना पहिली हसली. मग ताओफी, आपलं ते बिनदातांचं हसू. लांगीने पहिली वाटी काठीवाल्या वक्त्यापुढे ठेवली. ती कडकडीत गरम होती. त्याने जरा वेळ तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग फुंकर घालून प्यायला सुरुवात केली.